उसना आवाज

आमच्या गावात सगळ्यात जास्त उसनं मागणारा माणूस म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन निवृत्तीअण्णा. घरात कणग्या भरलेल्या, गोठ्यात म्हशी, मळ्यातल्या विहिरीचा तळ गावात सगळ्यांच्या शेवटी दिसणार. आणि हा माणूस सकाळी अंघोळ करून, परीटघडीचं धोतर नेसून, रिकाम्या हातानं कुणाच्या तरी दारात उभा. "जरा अडलंय बगा माझं," ही सुरुवात. मग कुठं चिमूटभर हिंग, कुठं सांडशी, कुठं छत्री. छत्री तर त्यांनी अशा साली मागितली होती, की पावसानं आमच्या शिरूर कासार तालुक्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी त्या दूध संस्थेचा सचिव, आणि अण्णांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्यामुळं या उसनवारीवर त्यांच्या बायकोचं, म्हणजे रुख्मिणकाकूंचं म्हणणं मला रोज पहाटे फुकटात ऐकू येई. "घरात डाळीची पोती हायेत आन हे लोकाच्या दारात वाटीभर डाळ मागत्यात! माझ्या माहेरच्यांनी काय बघून दिलं मला, काय की!" अण्णा त्यावर एवढंच म्हणत, "अगं, शेजार म्हणल्यावर देणं-घेणं आलंच की." हे ते नेहमीच्या आवाजात म्हणत. आणि अण्णांचा नेहमीचा आवाज असा, की ते त्यांच्या घरात बोलले तरी आपल्या घरातून 'ओ' द्यावीशी वाटे.

मला आधी हा चिक्कूपणा वाटायचा. मग एक गोष्ट ध्यानात आली. अण्णा उसनं मागायला कधीच धडधाकट घरी जात नाहीत. ज्या घराचं काहीतरी बिनसलंय, माणसं हबकलीत, शेजारीपाजारी आत जावं की नको म्हणून घुटमळतायत, नेमकं त्याच घरी अण्णांचं अडतं.

गावातला शिंपी गेला तेव्हा त्याची बायको शेवंता कोपऱ्यात बसून राहिली होती. भेटायला येणारी माणसं "काय लागलं तर सांग" म्हणायची आणि जायची. ती काय सांगणार? अण्णा गेले आणि कात्री मागून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी कात्री आणि कापडाचा तागा घेऊन पुन्हा तिच्या दारात. "शेवंता, ही कात्री माझं ऐकंना गं. दूध गाळायची फडकी कापायची होती, तर सगळी वाकडी झाली. तूच काप बाई." शेवंतानं ती वाकडी फडकी पाहिली आणि म्हणे नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा चिडली. "कापड वाया घालवलं की सारं! सरका तिकडं." त्या दिवसापासून संस्थेची गाळायची फडकी तीच शिवते. तेवढ्या निमित्तानं मशीन उघडलं, मग बाकीचे कपडेही येऊ लागले.

पण अण्णांच्या उसनवारीचा खरा कस लागला तो दुष्काळाच्या साली.

त्या साली आमच्या दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची चारा छावणी चालवायला घेतली होती. आसपासची माणसं आपापली गुरं घेऊन तिथंच मुक्कामाला आली. गुरांवर हिरव्या जाळीची सावली, बाजूला माणसांच्या बाजा, तिथंच चुली. दिवसातून दोनदा चारा वाटायचा, टँकर आला की पाणी. प्रत्येक वेळी एकेका कुटुंबाचं नाव पुकारायचं. नाही पुकारलं तर सगळे एकदम धावत, आणि जनावरांपेक्षा माणसंच जास्त शिंगं मारत. हे पुकारायचं काम अर्थातच अण्णांचं. माईकची गरजच नव्हती.

अशात अंकुश आणि मंगल गावी परत आले. दोघं नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जात. त्या साली उसानं भरलेली ट्रॉली घसरली आणि अंकुशचा पाय तिच्याखाली सापडला. मांडीपासून प्लास्टर घातलेल्या अंकुशला मंगल घेऊन आली. आणि तेव्हापासून अंकुश भिंतीकडं तोंड करून पडला तो पडलाच. बोलणं बंद. मंगलनं ताट पुढं केलं तर चार घास खायचा, पुन्हा भिंत.

हा अंकुश म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आमच्या जत्रेत कुस्त्यांची नावं पुकारायचा तो हाच. उसाच्या फडात त्यानं हाक मारली तर पलीकडच्या फडातले बैल थांबायचे, असं मंगलच हसत सांगायची. तो आता मुका झाला होता.

गावातल्या तरुण मंडळानं वर्गणी काढून त्यांच्यासाठी पिशवी भरली. तांदूळ, डाळ, तेल, चहापत्ती. भावना चांगलीच होती. पण सोबत फुलांचा हार, फलक आणि फोटो काढायला एकजण. मंगलनं दारातच सगळ्यांना थांबवलं.

"फोटो कावून काढायचाय?"

"म्हंजी लोकांना कळंल वैनी, मंडळानं काय काम केलं."

"मग लोकांना हे बी कळू द्या, की मंगलनं पिशवी परत लावली," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, लई तोरा हाय. कुणी म्हणालं, बरोबर केलं. पण त्या घरी पुन्हा जायला कुणी धजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारली, "शेकरेटरी, चला. जरा अडलंय माझं."

मंगल चुलीपाशी होती. चूल थंडच होती. अण्णा उंबऱ्यावर बसले. "मंगल, वाटीभर पीठ असंल का गं? घरात पाव्हणे आलेत आन गिरणी बंद."

ती बघतच राहिली. मीही. कारण अण्णांच्या घरात पाहुणा नव्हता आणि गिरणीचा पट्टा मला तिथवर ऐकू येत होता. मंगलनं डबा उघडला. डब्याच्या तळाला पितळी वाटी खरवडल्याचा आवाज आला. ती वाटी शिगोशीग भरून तिनं अण्णांच्या हातात दिली. वर म्हणाली, "आजून लागलं तर सांगा अण्णा."

बाहेर पडल्यावर मी भडकलो. "अण्णा, त्यांच्याच घरात पीठ नाही आणि तुम्ही..."

"शेकरेटरी," अण्णा वाटी छातीशी धरून चालत होते, जणू आत तूप आहे. "ती आज सकाळपासनं वर मान करून बोलली का कुणाशी? आता बोलली."

आमच्याकडं उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, ही घरोघरची रीत. अण्णांनी या रीतीचा जितका गैरफायदा घेतला तितका कुणी घेतला नसेल. संध्याकाळी ते मंगलच्या दारात बादलीभर पीठ घेऊन हजर.

"हे काय?"

"तुझं पीठ."

"मी वाटी दिली होती अण्णा."

"वाटीच सापडंना बग. म्हणून बादली आणली. आन बादलीत वाटीभर पीठ लई भिकार दिसतंय, तळ बी झाकंना. वाटी सापडंस्तोवर राहू दे तुझ्याकडं."

मंगलनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. अण्णा छताकडं पाहू लागले. शेवटी तिनं बादली आत ओढली. वाटी मात्र सापडायची काही चिन्हं दिसेनात. तिच्या नावानं पुढं डाळ आली, गूळ आला, एकदा तर आख्खा भोपळा आला.

मंगलचं असं जमलं. अंकुशचं जमेना. अण्णांनी त्याच्याकडं वस्तरा मागितला, बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ मागितली, ऊस तोडायचा कोयता मागितला. अंकुश भिंतीकडं तोंड ठेवून नुसता हात मागं करून खुंटी दाखवायचा. अण्णा वस्तू घेऊन नुसतेच परत. घरी सगळ्या वस्तूंचा ढीग लागला. काकू म्हणाल्या, "आता दुकान टाका मोडीचं."

मग एका सकाळी अण्णा माझ्याकडं आले. गळ्याभोवती भर उन्हाळ्यात लोकरी मफलर. तोंड उघडलं तर नुसती हवा.

"घसा बसला?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली, इकडंतिकडं पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कसं वाटतंय?"

आम्ही अंकुशकडं गेलो. मंगल भाकरी थापत होती. अण्णा अंकुशच्या पाठीमागं बाजेवर टेकले आणि कुजबुजत बोलू लागले. काय बोलत होते ते शेजारी बसून मलाही ऐकू येत नव्हतं. अंकुश हलला नाही. अण्णा कुजबुजतच राहिले. मधेच "छावणी" ऐकू आलं, मधेच "मंगल", मधेच "तुझं नाव". आपल्याविषयी कुणी काहीतरी सांगतंय आणि आपल्याला ते कळत नाही, हे कुठला माणूस सहन करील? अंकुशचं डोकं आधी थोडं वळलं. मग खांदा. मग तो कण्हत, प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून, आख्खा या कुशीवर आला.

"काय म्हणायलाव अण्णा? ऐकू येईना."

मंगलचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. किती दिवसांनी घरात त्याचा आवाज झाला होता. तव्यावरची भाकरी करपू दिली तिनं.

"मोठ्यानं बोला की," अंकुश म्हणाला.

"मोठ्यानं बोलता आलं असतं," अण्णांनी घशाला हात लावला, "तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? घसा पार गेलाय. छावणीत नावं पुकारायला माणूस न्हाई. काल पाण्यावर मारामारी झाली. तुझा आवाज दे उसना. माझा आला की तुझा परत."

"मला उठता येईना अन् तुमी..."

"आवाज काय पायानं काढायचा आसतो व्हय रे?"

दुपारी चौघांनी अंकुशला बाजेसकट उचललं आणि छावणीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली ठेवलं. पहिलं नाव त्यानं पुकारलं ते घशातच अडकलं. दुसरं जरा बाहेर आलं. तिसऱ्याला माळावरच्या म्हशींनी माना वर केल्या. अण्णा माझा हात दाबून उभे होते. इतका दाबला, की रात्री मला तेल लावावं लागलं.

मंगलही छावणीत येऊ लागली. तिथं म्हातारी-कोतारी माणसं गुरांपाशी एकटी राहिलेली. तिच्या चुलीवर त्यांच्याही भाकऱ्या होऊ लागल्या. कुणी कालवण आणून द्यायचं, कुणी सरपण. संध्याकाळी त्या लिंबाखाली बरीच माणसं जेवायला बसत, आणि कोण कुणाचं खातंय हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

अण्णांची मात्र पंचाईत झाली. घसा बरा झाला म्हणायची सोय नाही. छावणीत कुजबुज, गावात कुजबुज, आणि सवय मोडली तर चूक होईल म्हणून घरीही कुजबुज. काकू वैतागल्या. "इतकी वर्षं म्हणत होते, जरा हळू बोला. आता बोलत्यात तर काय मागत्यात तेच कळंना. मीठ म्हणले म्हणून दिलं तर म्हणे पीठ!" संस्थेच्या वार्षिक सभेत चेअरमनचं भाषण पहिल्या रांगेपलीकडं गेलंच नाही. सभा लवकर आटोपली. सभासदांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पुढल्या वर्षीही असंच भाषण व्हावं अशी इच्छा व्यक्त केली.

त्यात एका पुढाऱ्यानं छावणीला लाउडस्पीकर भेट दिला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. भोंगा वाजला तर अंकुशचं काम संपलं. ते तडक शिरूरला जब्बारभाईंकडं गेले. जब्बारभाई म्हणजे मोटारी, भोंगे, पंखे, काहीही दुरुस्त करणारे मिस्त्री.

"जब्बारभाई, जरा अडलंय," अण्णांनी कुजबुजत भोंगा पुढं ठेवला.

"दो मिनट. अभी करके देता."

"करू नका. बिघडवा."

जब्बारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "चेअरमनसाब, इतकी उमर गेली या धंद्यात. बिघडलेलं घेऊन येणारे लई बघितले. चांगलं घेऊन येणारे तुमीच."

अण्णांनी सगळी हकिकत सांगितली. जब्बारभाईंनी भोंगा उचलून कपाटावर ठेवून दिला. "इसका पार्ट नहीं मिलता. मुंबईसे मंगाना पडेगा. पाऊस पडल्यावर विचारा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. अंकुशचं प्लास्टर निघालं, काठी घेऊन दोन-चार पावलं टाकू लागला. आणि एक दिवस एका खोंडानं दावं तोडलं. टँकरच्या भोंग्यानं बिचकला आणि शिंगं खाली घालून थेट मंगलच्या रोखानं सुटला. तिच्या डोक्यावर हंडा, पाठ इकडं.

"मंगलेऽऽ! बाजूला हो!"

सगळा माळ दणाणला. हंडा आपटला, मंगल जाळीच्या खांबाआड झाली, खोंड सुसाट निघून गेला. सगळी छावणी अण्णांकडं बघत होती. अण्णांनी सावकाश मफलर सोडला.

अंकुश काठीवर उभा राहिला होता. "घसा मोकळा झाला वाटतं अण्णा."

"मधनंच जरा..." अण्णा कुजबुजले.

"खरं सांगा. कधीपासनं मोकळा हाय?"

अण्णांनी मफलरची घडी घातली. मग म्हणाले, "बसलाच नव्हता."

अंकुशचा चेहरा काळवंडला. "म्हंजी माझी कीव करायलाव व्हय इतके दिस?" आणि काठी टेकत तो घराच्या वाटेला लागला. मी पुढं होऊ पाहत होतो, अण्णांनी अडवलं. ते स्वतःच त्याच्या मागं गेले.

"ए अंकुश, थांब. कीव करायची असती तर हार आणून फोटो काढला असता, मोकळा झालो असतो. ह्या उन्हाळ्यात मी लोकरीचं फडकं गळ्याला बांधून हिंडलो. बायकोनं मीठ दिलं तर भाकरीसंगं मीठच खाल्लं. भर सभेत लोक हसले मला. ही कीव हाय व्हय रे? आवाज तुझा होता, तो मला पाहिजेच होता. माझ्या वरडण्यानं लोकं भांडायची. तुझ्या आवाजानं रांगंत उभी राहत्यात. इचार कुणाला बी."

अंकुश थांबला, पण वळेना. तेव्हा मंगल ओल्या लुगड्यानं मधे येऊन उभी राहिली.

"आवो, नावं अर्धी राहिली. जनावरं उपाशी हायेत. भांडण काय, घरी बी करता येतंय." मग अण्णांकडं वळून म्हणाली, "आन तुमी अण्णा, माझी वाटी द्या आणून. काकूच्या फडताळात वरल्या फळीवर हाय. मी तवाच बघितली, भोपळा आणला होता त्याच्या आदल्या दिशी."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिल्यांदा फडकी द्यायला आलेली शेवंता हसली, मग टँकरवाला, मग सगळेच. अंकुशच्या ओठांचा कोपरा हलला. तो काठी टेकत परत लिंबाखाली आला, बसला, आणि पुढचं नाव असं काही पुकारलं, की गेलेला खोंडसुद्धा परत यावा.

पावसाळ्यात छावणी उठली. अंकुश थोडा लंगडतो, पण उसाच्या फडावर पुन्हा गेला नाही. आता सकाळी दूध संकलनाला तोच असतो, आणि मंगल म्हशी सांभाळते. तिनं परवा अण्णांकडं उसनी विळी मागितली. परत करताना सोबत खरवस होता.

हे सगळं पाहून मला वाटायचं, या माणसाला कशाची कमी नाही. पण शेजारी राहिलं की काही गोष्टी न विचारता कळतात. अण्णांचा एकुलता एक मुलगा सतीश पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. गुणी पोरगा. दर रविवारी न चुकता त्याचा फोन येतो. "अण्णा, काही लागतंय का?" अण्णा म्हणतात, "न्हाई रे. तुला काय धाडू का? डाळ, तूप, गूळ?" तिकडून उत्तर, "नको अण्णा, इथं सगळं मिळतं. तुम्ही त्रास घेऊ नका." पोराच्या मनात काळजीच असते. पण फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ ओसरीवर तसेच बसून असतात. काकू चहा ठेवून जातात, तो निवून जातो. मग एकदम उठतात आणि धोतर झटकत बाहेर पडतात.

दसऱ्याला सतीश आणि सूनबाई वर्षा गाडी घेऊन आले होते. वर्षा माहेरची आमच्याच भागातली, चकलांब्याची. दोन दिवस राहून निघाले. मी निरोप द्यायला दारात होतो. अण्णांनी तुपाचा डबा पुढं केला. सतीश म्हणाला, "अण्णा, राहू द्या ना. तुम्हालाच होईल." अण्णांनी डबा मागं घेतला. "बरं, बरं."

गाडी सुरू झाली आणि परत बंद झाली. वर्षा खाली उतरली.

"अण्णा, ज्वारी आहे का हो आपली? तिकडच्या पिठाची भाकरी मला थापताच येत नाही. कडेनं चिरत जाते. हे बोलत नाहीत, पण अर्धी टाकून उठतात."

अण्णा तसेच वळले. आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत म्हणून मी डोकावलो. ओसरीवर बसून स्वतः सूप घेऊन ज्वारी पाखडत होते. काकू सूप मागत होत्या, देत नव्हते. एकेक खडा उजेडात धरून बघत होते. सतीशनं बाहेर घड्याळ पाहिलं, पण वर्षानं त्याला काहीतरी सांगितलं आणि तो पायरीवर बसला.

पोतं अण्णांनी कुणाला उचलू दिलं नाही. स्वतः खांद्यावर घेऊन आले, बॅगा सरकवल्या, मधे नीट उभं केलं. वर तुपाचा डबाही बसवला.

"संपली की सांगत जा," ते वर्षाला म्हणाले. "धाडून देईन कुणासंगं."

"सांगते," वर्षा म्हणाली. "पण कुणासंगं नको. तुम्हीच घेऊन या. भाकरी जमली का, ते तिथं बसून सांगायला कुणीतरी पाहिजे."

गाडी वेशीपलीकडं गेली, धुरळा खाली बसला, काकू आत गेल्या. अण्णा रस्त्यातच उभे होते. धोतराला लागलेलं ज्वारीचं फोल त्यांनी दोन बोटांनी काढलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"शेकरेटरी, शिरूरहून पुण्याला येष्टी किती वाजता हाय हो?"